मु. पो. गेगोंग, ता. तांग

बँकेत असताना दिवंगत खातेदारांच्या वारसांचे अर्ज माझ्या टेबलावर येत. त्या अर्जात एक रकाना असे : 'मृत्यूचे ठिकाण – गाव, तालुका, जिल्हा, राज्य.' लोक पुष्कळदा तो मोकळाच सोडत. मग मला विचारावे लागे, "वडील कुठे वारले?" प्रश्न कारकुनी असे, पण समोरचा माणूस क्षणभर थांबे आणि मग केवळ गावाचे नाव न सांगता सगळी हकीगत सांगे. दवाखान्यात नेत होतो, वाटेत फाट्यावरच गेले. तो फाटा कोणत्या तालुक्यात येतो कोण जाणे! अशा वेळी भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशापाशी जाऊन आम्ही दोघे बोटाने हद्द शोधत असू. कागदोपत्री माणसाला कुठेतरी मरावेच लागते.

निवृत्तीनंतर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांविषयी वाचत असताना हा रकाना मला पुन्हा आठवला. कोटणीसांची गोष्ट आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्म, मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिक्षण, १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सहभाग, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच मृत्यू. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढून ही कहाणी अमर केली. पण 'तिकडे' म्हणजे नेमके कुठे? 'चीनमध्ये' हे उत्तर माझ्यातल्या बँकवाल्याला पुरेना. रकाना भरायचा तर गाव हवे, तालुका हवा, जिल्हा हवा.

गाव सापडले : गेगोंग. तालुका सापडला : तांग. पुढचे मात्र सोपे नव्हते. ते शोधता शोधता मी कोटणीसांना जरा बाजूला ठेवून त्या तालुक्याच्याच मागे लागलो. आज त्या तालुक्याची ओळख करून द्यायची आहे.

प्रथम नकाशा. बीजिंगच्या नैर्ऋत्येला, हबेई प्रांतात, बाओडिंग नावाचे जुने शहर आहे. त्याच्या पश्चिमेला तायहांग पर्वताची रांग उत्तर-दक्षिण पसरली आहे, आपल्या सह्याद्रीसारखीच. रांगेच्या पश्चिमेला शान्शीचे पठार आणि पूर्वेला उत्तर चीनचे अफाट मैदान. घाटावरून कोकणात उतरावे तसे पठारावरून मैदानात उतरायचे, तर नद्यांनी कापलेल्या खोऱ्यांतूनच वाट. अशाच एका खोऱ्यातून तांग नदी वाहते. ती शान्शीत हुनयुआनजवळ उगम पावते, डोंगर फोडून मैदानात येते आणि शेवटी बाययांगदियान या मोठ्या, उथळ सरोवराला मिळते. ही नदी जिथे डोंगर सोडते, तिथे तांग तालुका आहे. क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर, वस्ती पाच लाखांच्या वर. वायव्येला डोंगर, आग्नेयेला सपाट शेती. खाली गहू आणि मका, वर खडकाळ उतारांवर बाजरीच्या जातीचे बारीक धान्य, अक्रोड आणि बोरासारखी लाल फळे. एकाच तालुक्यात घाट आणि देश, असे म्हणा ना.

मी 'तालुका' म्हणतो आहे, पण त्यांचा शब्द आहे 'श्येन'. इंग्रजी पुस्तके त्याला काउंटी म्हणतात, मराठी वर्तमानपत्रे कधी जिल्हा म्हणतात, कधी परगणा. मी साधा हिशेब केला. सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर, तालुके ११. सरासरी काढली तर एका तालुक्याला साडेतेराशे येतात. तांग श्येन आकाराने तेवढाच. अधिकाराने मात्र श्येन आपल्या तालुक्याहून पुष्कळ वजनदार. न्यायालय, करवसुली, शाळा, पोलीस, सगळे त्याच्या पातळीवर चालते. चीनमध्ये आज श्येनच्या दर्जाचे २,८०० हून अधिक विभाग आहेत आणि देशाचा कारभार खरा कळतो तो तिथेच, असे तिथले जाणकारही मानतात.

या व्यवस्थेचे वय ऐकून मी थक्क झालो. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये छिन सम्राटाने सगळा चीन एका छत्राखाली आणला आणि सरदारांच्या जहागिरी मोडून देशाचे ३६ मोठे विभाग व त्यांखाली श्येन पाडले. आपल्याकडे तेव्हा मौर्यांचे राज्य होते. मौर्यांच्या आहारातले आज काय शिल्लक आहे? तिकडे श्येन शिल्लक आहे. त्यानंतरच्या हान राजवटीच्या इतिहासात देशातल्या श्येनांची यादी आहे, आणि तीत तांग हे नाव आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या महसुली दप्तरात जे नाव होते, तेच आज पत्त्यात लिहितात.

नावामागे अर्थातच दंतकथा आहे. याओ नावाचा पुराणकालीन आदर्श राजा, ज्याने आपल्या मुलाऐवजी लायक माणसाला गादी दिली, तो राजा होण्यापूर्वी तांगचा सरदार होता म्हणे. शान्शीतले लोक म्हणतात, तो तांग आमच्याकडचा. देवाच्या जन्मस्थळावरून गावागावांत वाद असावेत, तसलाच हा प्रकार. (जगप्रसिद्ध तांग राजघराण्याचे नावही त्याच अक्षराने लिहितात, पण त्याचा धागा शान्शीच्या तांगशी आहे, आमच्या तालुक्याने त्यावर हक्क सांगू नये.) शेजारच्या तालुक्याचे नाव वांगदू. याओच्या नावाच्या डोंगरावर चढले की याओच्या आईचा 'दू' डोंगर दिसतो, म्हणून वांगदू, 'जिथून दू दिसतो' ते. मुलाच्या डोंगरावरून आईचा डोंगर दिसावा आणि त्यावरून तालुक्याचे नाव पडावे! सरकारी यादीत इतके कोवळे नाव मी दुसरे पाहिलेले नाही.

पुढचा इतिहास म्हणजे बदल्यांचा इतिहास. याच भागात झोंगशान नावाचे छोटे राज्य होते, ते इसवी सनापूर्वी २९६ मध्ये शेजारच्या झाओने गिळले. हान काळात त्याच नावाची जहागीर एका राजपुत्राला मिळाली. हा लिऊ शेंग म्हणजे तोच, ज्याचे हिरव्या जेड दगडाच्या तुकड्यांनी शिवलेले मरणवस्त्र १९६८ मध्ये जवळच्या मानचेंगला सापडले. त्याच्या जहागिरीतला एक श्येन तांग होता. पुढे वांग मांग या सत्ता बळकावणाऱ्याने इसवी सन ९ ते २३ या आपल्या कारकिर्दीत देशभरच्या गावांची नावे बदलण्याचा सपाटा लावला. तांगचे त्याने 'हचिन' केले. अर्थ मोठा मंगल, सोयरिकीने साधलेला सलोखा. वांग मांग मारला गेला, हचिन गेले, तांग परत आले. सहाव्या शतकात उत्तर छी राजवटीने ५५६ साली काटकसर म्हणून एका फटक्यात ५८९ श्येन रद्द केले. याच राजवटीत तांगही पुसले गेले. चाळीस-एक वर्षांनी, ५९६ मध्ये, सुई राजवटीने ते पुन्हा मांडले. वरिष्ठ कचेरी कधी डिंगझोऊला असे, कधी बाओडिंगला. तालुका तोच.

सगळ्या शेजाऱ्यांचे नशीब एवढे चांगले नव्हते. पूर्वेच्या एका श्येनचे नाव होते चूनी, म्हणजे वाकडे आणि उलटे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका हान सम्राटाला ते कानाला खटकले, त्याने बदलले. पुढे त्याचे नाव 'वान' पडले. त्या अक्षराचा अर्थ 'पूर्ण' असा, आणि 'संपले' असाही! अखेर १९९३ मध्ये त्याचे 'शुनपिंग' झाले. गंमत अशी की शुनपिंग हे नाव वांग मांगनेच त्या गावाला दिले होते. म्हणजे त्याच्या बदललेल्या नावांपैकी एक जवळजवळ दोन हजार वर्षांनी वर आले. नामांतराचे वाद आपल्याला नवे नाहीत, पण एवढा लांबचा हिशेब ठेवायला चिनी दप्तरच हवे.

हे दप्तर हाताळणारा माणूस म्हणजे श्येनचा न्यायाधिकारी. मिंग आणि छिंग काळात एकच माणूस सारा वसूल करी, खटले चालवी, दुष्काळात धान्य वाटी, पूर आला की बांधावर उभा राही. लोक त्याला 'आईबाप अधिकारी' म्हणत. पण नियम असा की त्याने आपल्या स्वतःच्या प्रांतात नोकरी करायची नाही. नातलगांचे दडपण नको, वशिला नको. साहजिकच हा मायबाप सरकार आला की त्याला तिथली बोलीही कळत नसे आणि जरा कळू लागली की बदली होई. ज्यांनी बदल्यांच्या नोकऱ्या केल्या त्यांना हे वेगळे सांगायला नको. नव्या गावी रुजू झाल्यावर आम्ही आधी जुन्या शिपायाला चहा पाजून गाव समजून घेत असू. चिनी अधिकाऱ्याच्या हाताशी श्येनचा ग्रंथ असे. डोंगर, नद्या, पूल, देवळे, पिके, कर, पूर, दुष्काळ, पतिव्रता, विद्वान, सगळ्यांची नोंद असलेला, पिढ्यापिढ्यांनी नव्याने लिहिलेला. आपल्या जिल्हा गॅझेटियरांचे हे कितीतरी जुने भावंड. अधिकारी बदलत, ग्रंथ राही.

आता पुन्हा डोंगराकडे. तांगच्या वायव्य भागात नदीच्या खोऱ्यात दाओमागुआन नावाची खिंड आहे. नावाचा अर्थ 'घोडा पडतो ती खिंड'. बीजिंगच्या रक्षणासाठी आतल्या भिंतीवर ज्या तीन खिंडी महत्त्वाच्या मानल्या गेल्या, त्यांतली ही एक. पठारावरचे स्वार मैदानात उतरू नयेत म्हणून शतकानुशतके इथे पहारा होता. जवळच्या एका गावाचे नावच जुनचेंग, म्हणजे लष्कराचे गाव. डोंगर आणि मैदान यांच्या सांध्यावर बसलेल्या तालुक्याची किंमत ही अशी मोजावी लागते. विसाव्या शतकात हाच सांधा उसवला.

१९३७ च्या जुलैत जपानने चीनवर पूर्ण ताकदीनिशी हल्ला चढवला आणि सप्टेंबरात बाओडिंग पडले. मैदानातली रेल्वे आणि तटबंदीची शहरे जपानी फौजेच्या हाती गेली. तोफा आणि मालमोटारी जिथवर जातात तिथवर त्यांचे राज्य. डोंगरात मात्र कम्युनिस्टांची आठवी मार्ग सेना घुसली आणि जानेवारी १९३८ मध्ये शेजारच्या फूपिंग श्येनमध्ये सीमाप्रदेश सरकार स्थापन झाले. शान्शी, चाहार आणि हबेई या तीन प्रांतांच्या डोंगराळ हद्दी जोडून केलेले हे सरकार. पठार आणि मैदान यांच्यामधला तांग तालुका नैसर्गिक उतारावरच दुभंगला.

माझ्यातल्या बँकवाल्याला यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटली ती नोटांची. चीनचे मान्यताप्राप्त राष्ट्रीय सरकार दूर चोंगचिंगला होते, त्याची नोट एक. जपान्यांनी बीजिंगमध्ये १९३८ साली आपल्या हाताखालची बँक काढली, तिची नोट दुसरी. आणि त्याच वर्षी डोंगरातल्या सीमाप्रदेश सरकारनेही स्वतःची बँक काढून नोट छापली, ती तिसरी. तीन सरकारे, तीन नोटा, आणि तीनही सरकारांच्या लेखी हा मुलूख आपलाच. डोंगरातली अक्रोडाची टोपली मैदानातल्या बाजारात नेणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशात चुकीच्या चौकीवर चुकीची नोट निघाली, तर त्याचे काय होत असेल, याची कल्पनाही करवत नाही. खोटी नोट आली की आम्ही ती जप्त करून पावती देत असू. तिथे खऱ्या नोटेने जीव जाऊ शकत होता.

या डोंगरात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून आले. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, त्यातून रक्तदोष झाला आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी हुआंगशीकोऊ गावी ते वारले. पुढच्या वर्षी कोटणीस या प्रदेशात पोचले. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. रुग्णालय म्हणजे शेतकऱ्यांची घरे. शत्रू आला की पाठीवर घालून हलवायचे. त्याला जोडून वैद्यकीय शाळाही होती. कोटणीस चिनी शिकले, चिनी भाषेत शिकवू लागले. १९४१ च्या अखेरीस त्यांनी तिथल्याच परिचारिका-शिक्षिका क्वो चिंगलान यांच्याशी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवले यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. मुलगा साडेतीन महिन्यांचा असताना फेफऱ्याच्या झटक्याने कोटणीस गेले. गाव गेगोंग. बेथ्यून यांचे हुआंगशीकोऊ आणि कोटणीसांचे गेगोंग, दोन्ही तांग श्येनमधली. तीन वर्षांच्या अंतराने दोन परके डॉक्टर एकाच तालुक्यात मातीआड झाले.

युद्ध संपले, दुसरे युद्ध झाले, १९४९ मध्ये नवे सरकार आले. डोंगरातली ती नोट काढणारी बँक दुसऱ्या एका बँकेत विलीन झाली, ती बँक १ डिसेंबर १९४८ रोजी शिजियाझुआंग शहरात स्थापन झालेल्या पीपल्स बँक ऑफ चायनात. बेथ्यून रुग्णालयही त्याच शहरात स्थिरावले. दोघा डॉक्टरांच्या अस्थीही पुढे जुनचेंगहून तिथल्या शहीद स्मशानभूमीत नेण्यात आल्या. म्हणजे बँक, दवाखाना आणि माणसे, सगळी डोंगर उतरून शहरात गेली. तालुका कुठे जाणार? तो जागीच राहिला.

त्याच्यावर नवे प्रयोग मात्र झाले. १९५८ मध्ये कम्यून आली. त्याच लाटेत हबेईतले पुष्कळ छोटे श्येन एकमेकांत मिसळले आणि काही वर्षांत बहुतेक पुन्हा वेगळे करावे लागले. १९८३-८४ पर्यंत कम्यून मोडीत निघून पूर्वीसारख्या पंचायती आल्या. १९५८ सालीच तांग नदीवर शीदायांग धरणाचे काम सुरू झाले. बाओडिंग शहराला पाणी मिळाले, खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली. उजनीकाठच्या वाचकांना यापुढचे सांगायला नको. २०१४ पासून दक्षिणेचे पाणी बीजिंगला नेणारा महाकाय कालवा या तालुक्यातूनच जातो. आणि नदी ज्या बाययांगदियान सरोवराला मिळते, त्याच्याभोवती २०१७ पासून श्योंगआन हे नवे शहर उभे राहते आहे. वरच्यांनी पाणी सोडायचे, खालच्यांनी शहर बांधायचे. डोंगराळ तांग मात्र अगदी अलीकडेपर्यंत सरकारच्या दरिद्री श्येनांच्या यादीत होता. २०२० च्या अखेरीपर्यंत ती यादीच देशभर रिकामी झाल्याचे जाहीर झाले.

पोरे शहरात गेली, जशी आपल्याकडची मुंबई-पुण्याला गेली. पण श्येन त्यांची पाठ सोडत नाही. चिनी नागरिकाच्या ओळखपत्राचा क्रमांक १८ आकडी असतो. त्यातले पहिले सहा आकडे म्हणजे पहिली नोंद झाली त्या श्येनचा सांकेतिक क्रमांक. मग जन्मतारीख, मग अनुक्रमांक, आणि शेवटी बेरजेचा पडताळा. तांगचा क्रमांक १३०६२७. १३ म्हणजे हबेई, ०६ म्हणजे बाओडिंग, २७ म्हणजे तांग. बीजिंगमध्ये कुणी चाळीस वर्षे राहिला, नोंदही तिकडे नेली, तरी हे सहा आकडे बदलत नाहीत. याओ राजाचे नाव असे आकड्यांत उतरले आहे. दोन हजार वर्षांत एवढाच बदल.

आता माझा रकाना. ९ डिसेंबर १९४२. गाव गेगोंग, तालुका तांग. राज्य? राष्ट्रीय सरकारच्या कागदावर हबेई प्रांत, चीनचे प्रजासत्ताक. जपान्यांच्या कागदावर त्यांच्या हाताखालचे उत्तर चीनचे सरकार. डोंगरातल्या कागदावर सीमाप्रदेश सरकार. तिघांपैकी एकही आज त्या भूमीवर नाही.

आणि जन्माच्या रकान्याचे तरी काय? १९१० साली सोलापूर मुंबई इलाख्यात होते, ब्रिटिश हिंदुस्थानात. कोटणीस ज्याला आपण महाराष्ट्र राज्य म्हणतो त्यात एक दिवसही राहिले नाहीत, कारण ते राज्य १९६० साली झाले. जन्माचे राज्य गेले, मृत्यूची तिन्ही राज्ये गेली. उरली ती गावे. सोलापुरातले त्यांचे जन्मघर स्मारक म्हणून जपले आहे, आणि तांग श्येनमध्ये बेथ्यून-कोटणीस स्मारक आहे. दोन्ही टोकांना पत्ता शाबूत आहे.

नोकरीत असतो तर अपुरा अर्ज म्हणून मी तो परत केला असता. आज वाटते, त्या वारसांना मी उगाच राज्य आणि जिल्हा विचारत बसलो. त्यांनी आपणहून सांगितलेले गावाचे नाव पुरेसे होते. म्हणून मी लिहिले : मृत्यूचे ठिकाण – मु. पो. गेगोंग, ता. तांग. पुढचे रकाने मोकळे सोडले आणि खाली सही केली.